एक ओळ पुढे

अप्पांचा आवाज वाईट नव्हता, एवढं तर बेबीसुद्धा मान्य करायची. वयाच्या मानाने खणखणीत, सुराला पक्का, आणि शब्द इतके स्वच्छ की ऐकता ऐकता कुणीही लिहून घ्यावेत. दोष एकच. अप्पा गाण्याच्या आधी गायचे. मोबाईलच्या पडद्यावर पहिली ओळ निळी व्हायला लागली की अप्पा दुसरीवर. दुसरी निळी झाली की हे तिसरी उरकून, खाकरून, चौथीच्या तयारीत. मागचं संगीत बिचारं धापा टाकत येतंय आणि हे आपले पुढच्या वळणावर जाऊन उभे. शेवटाला तर वाद्यं वाजत असायची आणि अप्पा चष्मा पुसत बसलेले असायचे. मग पडद्यावर आकडा यायचा. शंभरपैकी एकोणीस. कधी बावीस. एकदा तर नऊ.

"हे मशीन मठ्ठ आहे," अप्पा म्हणायचे. "वरातीमागून घोडं! मी काय त्याची वाट बघत बसू?"

"अहो अप्पा, कराओके आहे ते! त्यात वाटच बघायची असते!"

"तू त्या कंपनीला तक्रार कर. म्हणावं, मशीन मागे राहतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बेबी म्हणायची आणि चहाचं भांडं असं आपटायची की खालच्या मजल्यावर कळावं.

बेबी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. पन्नाशी उलटलेली बाई. इस्पितळात एक्स-रे काढायची. तिथे तिला सगळे एक्स-रे ताई म्हणायचे, वचकून असायचे. घरी आलं की मात्र बेबी. नवरा कंपनीच्या कामाने सदा बाहेरगावी, म्हणजे सुटला होता बिचारा. राहिले हे बाप-लेक, आणि मध्ये तो मोबाईल.

आता अप्पा पुढे का पळायचे, हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं. उभा जन्म त्यांनी एका संगीत नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम केलं. डाव्या विंगेत, पडद्याआड, हातात संहिता. नटाची ओळ संपत आली की पुढची त्याच्या कानात पडलीच पाहिजे. गाण्यातसुद्धा, कडवी लांबलचक, नटी अभिनयात बुडालेली, तेव्हा दर ओळीचे पहिले दोन शब्द आधीच सोडून द्यायचे. "थबकल्यावर जो देतो तो प्रॉम्प्टर कसला?" अप्पा म्हणायचे. "ते टपालखातं." त्यामुळे माणसाची जीभच एक ओळ पुढे चालायची. बेबीची आई होती तोवर तिचं प्रत्येक वाक्य अप्पाच पुरं करायचे. ती म्हणायची, या घरात मला माझं भांडणसुद्धा पुरतं करू देत नाहीत. गेली बिचारी, शेवटपर्यंत अर्धवट बोलत.

हे गाण्याचं ॲप बेबीनेच अप्पांना लावून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. वाटलं होतं, बसतील गात जुन्या नाटकांतली गाणी, मला चार घटका शांतता. शांतता कसली! ॲपवर जुन्या नाटकवेड्यांचा एक गट होता, आणि त्या गटात अप्पांना सापडल्या बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे कंपनीची मुख्य नायिका. त्यांचं नाव पाटीवर लागलं की थिएटर भरायचं. आता थकल्या होत्या, दुसऱ्या शहरात मुलाकडे असायच्या. त्यांच्या सुनेने त्यांच्यासाठी हे ॲप घेतलं होतं. त्या ॲपमध्ये एक सोय असते, जोडीची. एकाने आधी गाऊन ठेवायचं, मग दुसऱ्याने ते ऐकत ऐकत सोबत गायचं आणि दोन्ही आवाज एकत्र होतात. अप्पा इकडून एक गाणं पाठवायचे आणि दोन दिवसांनी बाईसाहेबांचा आवाज त्यात मिसळून परत यायचा. पातळ झालेला, थरथरता, पण तोच. अप्पा मोबाईल दोन्ही हातांत धरून ऐकायचे.

"त्यांना माहीत आहे का, तुम्ही कोण ते?" बेबीने एकदा विचारलं.

"कसं माहीत असणार? नायिका विंगेकडे बघते होय? बघितलं तर नाटक पडलं." अप्पांनी मान हलवली. "इतकी वर्षं ओळी दिल्या, पण एकदा नजर वळली नाही. वळू नये हेच बरोबर. पण बेबी, एकदा त्यांना कळलं पाहिजे. विंगेत उभा होता तो नुसता कुजबुजणारा नव्हता. त्याला गळा होता. एक गाणं, एकच, मला तालासुरात गाऊन त्यांना ऐकवायचंय. हे मशीनच मला नापास करतंय."

हे ऐकून बेबीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण वाईट वाटून काय उपयोग, जोडीचं गाणं ऐकायला बसलं की डोकं उठायचं. अप्पा पुढे, बाईसाहेब मागे. एकजण जिना उतरतोय, दुसरा चढतोय. आणि हे सगळं ॲपवर उघडं, कुणीही ऐकावं. इस्पितळातल्या नोंदणीच्या कारकुनाने ते ऐकलं आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, "एक्स-रे ताई, तुमचे वडील कुणाच्या मागे लागलेत, की कुणी त्यांच्या मागे लागलंय?" नर्सबाया पोट धरून हसल्या. बेबीच्या कानशिलापर्यंत आग गेली. तिने तिथल्या तिथे ठरवलं. आता या म्हाताऱ्याला तालावर आणल्याशिवाय राहायचं नाही.

झाली शिकवणी सुरू. कामावरून यायचं, चपला काढायच्या आणि अप्पांच्या समोर स्टूल घेऊन बसायचं. गाणं एकच घेतलं, बाईसाहेबांचं गाजलेलं, कंपनीच्याच कवीने त्यांच्यासाठी लिहिलेलं:

दार वाजवुन कोण गेले?
मी दिवा घेऊन आले,
वाट होती मोकळी अन्
उंबऱ्याशी ठसे ओले.

"मी हात खाली करेपर्यंत तोंड उघडायचं नाही," बेबी म्हणाली. "श्वास घ्या. धरून ठेवा. धरून ठेवा. हं, सोडा."

"तू माझा फोटो काढतेयस का?"

"अप्पा, धरून ठेवा म्हटलं ना!"

"दिवा घेऊन आ..."

"अजून दार वाजलं नाही! दार वाजल्याशिवाय दिवा घेऊन कुठे निघालात?"

पालथ्या घड्यावर पाणी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बेबीने हात केला, रुमाल हलवला, शेवटी चक्क अप्पांच्या तोंडावर तळवा ठेवला आणि ओळ आली की काढला. अप्पा चिडले, रुसले, एक दिवस जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले. "चाळीस वर्षं मला कुणी थांब म्हटलं नाही!" ओरडले. "म्हणून तर ही वेळ आली!" बेबी त्याहून मोठ्याने ओरडली. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात थांबून, सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारून गेली. बेबीने सांगितलं, काही नाही हो, गाणं चाललंय.

पण म्हातारा जिद्दीचा. हळूहळू जीभ थांबायला लागली. आधी पहिल्या ओळीला, मग कडव्याला. आणि एका संध्याकाळी अप्पा संगीताबरोबर सुरू झाले, संगीताबरोबर चालले आणि संगीताबरोबर थांबले. पडद्यावर आकडा आला, शहाऐंशी. वर एक सोनेरी मुकुट नाचला. अप्पा त्या मुकुटाकडे बघत राहिले. बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पदराला पुसलं आणि म्हणाली, "बघा. मशीन मठ्ठ नव्हतं."

मग काय विचारता! ओळखदेख नसलेले लोक लिहायला लागले: काका, काय गळा आहे! आजोबा, अजून ऐकवा! अप्पा गाताना इस्त्रीचा सदरा घालायला लागले. मोबाईलला दिसत नाही हो अप्पा, म्हटलं तर म्हणाले, गळ्याला कळतं. जिन्यात कुणी भेटलं की, चलतो, रियाजाला बसायचंय. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला! बेबी दात-ओठ खायची, पण आतून तिला बरंही वाटायचं. मेहनत तिचीच होती ना.

एकच गोष्ट होत नव्हती. बाईसाहेबांचं उत्तर येत नव्हतं.

"ऐकलं असेल ना त्यांनी?" अप्पा सकाळी विचारायचे. संध्याकाळी विचारायचे. "तब्येत बरी नसेल. की आवडलं नसेल? बेबी, तो मुकुट त्यांच्याकडे पण दिसतो ना?"

"दिसतो, अप्पा. सगळ्यांना दिसतो. आता जरा पेपर वाचा."

आणि मग एके दुपारी बेबीला कामावर फोन आला. टेबलावर एक गृहस्थ छाती फुगवून, श्वास धरून झोपले होते. बेबीने आधी त्यांना सोडलं आणि मग फोन घेतला. बाईसाहेबांची सून होती.

"ताई, रागावू नका. पण अप्पांना झालंय तरी काय? ते आधीसारखं चुकीचं का गात नाहीत?"

"चुकीचं?" बेबीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणजे ते पुढे पुढे गायचे ना, तसं." सून आधीच कातावलेली होती, एका दमात सांगत सुटली. सासूबाईंना आता काही आठवत नाही. मुलाला भाऊ समजतात. मला नवीन नर्स समजतात, रोज नव्याने. पण अप्पांचं गाणं लावलं की ओळ कानात पडायची आणि त्या ती उचलायच्या. एक ओळ झाली की दुसरी पुढे तयार. तेवढा वेळ ताई, त्या घरात असायच्या हो. आमच्यात असायच्या. आणि आता हे नवीन पाठवलंय ते! सासूबाई तोंड उघडतात, तोवर ओळ गेलेली असते. पुन्हा उघडतात, ती पण गेली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी फोन भिरकावून दिला. त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून बसल्यात, कुणाशी अक्षर बोलत नाहीत.

"अहो, पण शब्द दिसतात की पडद्यावर!"

"त्यांनी जन्मात कधी कागदात बघून गायलंय का? फोन कानाला लावून बसतात, डोळे मिटून. ताई, तुम्हाला हात जोडते, त्यांना सांगा, आधीचंच गा म्हणावं. ते जुनं का काढून टाकलंत?"

जुनं बेबीनेच पुसून टाकलं होतं. नऊ आणि एकोणीस आणि बावीस, सगळी लाज एकजात धुऊन काढली होती. करायला गेले काय आणि झालं काय! एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत ती स्टुलावर बसली आणि स्वतःलाच म्हणाली, शहाणे, फारच शहाणी ग तू.

घरी आली तर अप्पा इस्त्रीचा सदरा घालून तयार. बेबीने चहासुद्धा न घेता सगळं सांगितलं. आडवळणाने सांगणं तिला जमतच नसे. अप्पांनी वाक्य मध्ये तोडलं नाही, पुरं केलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बेबीला तेच जास्त लागलं.

"म्हणजे माझं गाणं त्यांना नकोय," अप्पा म्हणाले.

"तसं नाही, अप्पा. त्यांना ओळ हवीय. आधी."

"म्हणजे परत विंगेतच." ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "आता कुठे पुढे आलो होतो ग. आता कुठे."

बेबीने चहाचं आधण ठेवलं.

बऱ्याच वेळाने अप्पा परत खुर्चीत येऊन बसले. लाव, म्हणाले. बेबीने गाणं लावलं. अप्पांनी तोंड उघडलं, आणि बरोबर संगीताबरोबर सुरू झाले. "अप्पा, आधी!" पुन्हा लावलं. पुन्हा बरोबर तालावर. तिसऱ्यांदाही तेच, शब्द निळा होतोय आणि अप्पांचा सूर त्याच्यावर चपखल बसतोय. शहाऐंशीचे एकोणनव्वद झाले.

"जमत नाही," अप्पा म्हणाले. "तू सवय मोडलीस. आता जीभ उठत नाही आधी."

बेबीच्या नाकी नऊ आले. थांब म्हणत होते तेव्हा पळत होते, आता पळा म्हणते तर गाडी जागची हलत नाही! शिवाय तिला दाट संशय, की हे नाटक आहे. मुद्दाम. मुकुट सोडवत नाही म्हाताऱ्याला. पण बोलायचं कसं? चेहरा असा पडलेला की रागवायचीही सोय नाही.

"असं करू," शेवटी अप्पाच म्हणाले. "मी गातो. ओळी तू दे."

"मी?"

"त्यात काय? आधी ओळ म्हणायची, बस. मला ऐकू येता कामा नये, त्यांना आली पाहिजे."

"एकाच फोनमध्ये? आणि कसं ते?"

"तेच तर कसब आहे!"

मग बेबी बसली मोबाईलच्या डाव्या बाजूला, अप्पा उजव्या बाजूला. ती ओळ सोडायची आणि मागून अप्पा गायचे. बेबीला दुसरा सूर येत नव्हता, तिने कामावरच्या आवाजात सांगितलं: दार वाजवुन. मी दिवा. वाट होती. जणू पुढचा पेशंट आत बोलावतेय. अप्पा गाता गाता हाताने खुणा करत होते, मोठ्याने नको, घाई नको, आता, आता, अगं आता! गाणं संपलं तेव्हा दोघं घामाघूम. मशीनने एक्केचाळीस दिले, मुकुटाचं नाव नाही. बेबीने डोळे मिटले आणि पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सुनेने नेहमीसारखं जोडीचं गाणं न पाठवता खोलीतलाच आवाज टिपून पाठवला होता. बेबीने मोबाईल मध्ये ठेवला आणि दोघं वाकून ऐकू लागली.

आधी वाद्यं. मग बेबीचा तो रुक्ष आवाज, तिला स्वतःलाच ऐकवेना. मग अप्पा. आणि अप्पांच्या आवाजाच्या काठाकाठाने, कुठे शब्द गाळत, कुठे नुसता सूर धरत, बाईसाहेब. गात होत्या. ठसे ओले या शब्दांवर त्यांनी एक हरकत घेतली, आवाज फाटला, तरी घेतलीच. अप्पांची बोटं गुडघ्यावर नाचली.

गाणं संपलं, पण सुनेने टिपणं थांबवलं नव्हतं. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग बाईसाहेबांचा बोलण्याचा आवाज, कोरडा, हुकमी, मालकिणीचा.

"गाणारे बरे आहेत. नवीन घेतलेत का कंपनीत?"

सून काहीतरी पुटपुटली.

"पण प्रॉम्प्टर कोण आहे हा? चोर पकडल्यासारखा ओळी फेकतो. आमचे कुठे गेले?" जरा थांबून, मग घाबऱ्याघुबऱ्या, "आजारी आहेत का ते? मला कुणी सांगितलं का नाही? मालकांना जाऊन सांगा, ते आल्याशिवाय मी उभी राहायची नाही. तो माणूस तिथे आहे म्हणून मी उभी राहते. सांगा जाऊन."

तिथे आवाज थांबला.

अप्पांचा एवढा जन्म ज्या एका गोष्टीसाठी जळला, ती गोष्ट झाली होती. बाईसाहेबांनी गाणं ऐकलं होतं, आणि बरं म्हटलं होतं. आणि गाणारा कोण, हे मात्र त्यांना कळलंच नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "गाणं आवडलं त्यांना. बरे आहेत म्हणाल्या. मी सुनेला फोन करून सांगते, गाणारे तेच..."

"सरक," अप्पा म्हणाले.

"काय?"

"सरक तिकडे. ती माझी बाजू आहे." त्यांनी चक्क तिला कोपराने ढकललं आणि मोबाईलच्या डाव्या बाजूला बसले. सदऱ्याचं वरचं बटण काढलं. "चोर पकडल्यासारखी म्हणे. नाव घालवलंस माझं. लाव."

"आणि गाणार कोण?"

"तू."

"अप्पा, मला गाता येत नाही! सगळ्या जगाला ऐकू जातं ते! कारकून उद्या..."

"गाणं काय, कुणीही म्हणेल," अप्पा म्हणाले. "लाव म्हटलं ना. त्या खोळंबल्यात."

बेबीने कपाळावर हात मारला आणि गाणं लावलं. वाद्यं सुरू झाली. अप्पांनी तळव्याचा आडोसा तोंडाशी धरला, थोडे पुढे झुकले, आणि पडद्यावरचा एक शब्दही निळा व्हायच्या आधी ओळ आली. हलकी, स्वच्छ, घाई नाही की उशीर नाही, नेमकी कानात.

म्हणजे येत होतं यांना! सगळा वेळ येत होतं! बेबीचं टाळकं सणकलं. तिला चांगलं खडसावायचं होतं, तोंडावर शब्दही आले होते. पण ओळ दिलेली होती, आणि तिकडे कुणीतरी डोळे मिटून वाट बघत होतं. तिने श्वास घेतला आणि ओळ म्हटली.